पार्श्वभूमी : श्रद्धावंत ‘इव्हँजेलिकल’ हे नाव का सोडत आहेत

येशूवर विश्वास आहे, पण स्वतःला इव्हँजेलिकल (बायबल आणि व्यक्तिगत मनपरिवर्तन यांवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट चळवळीचे) म्हणवून घ्यायचे नाही, असे सांगणारे अमेरिकी ख्रिस्ती गेल्या दहा वर्षांत ठळकपणे पुढे आले. त्यांच्याबद्दल बोलताना बहुतेक जण २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपासून सुरुवात करतात. त्या वर्षीच्या मतदानोत्तर पाहणीत, स्वतःला इव्हँजेलिकल म्हणवणाऱ्या गोऱ्या मतदारांपैकी सुमारे ८१ टक्के डोनाल्ड ट्रम्प या एकाच उमेदवारामागे उभे असल्याचे दिसले आणि तेव्हापासून या विषयावरची प्रत्येक चर्चा त्या आकड्यापाशी येऊन थांबते. माझ्या मते तिथून सुरुवात केली तर हाती अर्धीच गोष्ट लागते. २०१६ मध्ये जे उघड झाले त्याचा पाया चाळीसेक वर्षांपूर्वी घातला गेला होता, आणि तो घातला जात असताना मंडळ्यांमधल्या (स्थानिक चर्चमधल्या) साध्या माणसांना त्याचा फारसा पत्ता नव्हता.

मी हे त्रयस्थ म्हणून लिहीत नाही. रोजचे शास्त्रवाचन (बायबलचे वाचन), स्वतःच्या शब्दांत केलेली प्रार्थना, चुकले तर देवापुढे ते कबूल करण्याची सवय, हे सगळे मला याच परंपरेने दिले आणि त्यातले काहीही मला टाकायचे नाही. पश्चात्तापाची शिकवण जिथून मिळाली त्या चळवळीने स्वतःचा इतिहास मात्र पश्चात्तापाविनाच सांगावा, याचे दुःख मोठे आहे. हे टिपण त्या दुःखातून आलेले आहे, तेव्हा भर कुठे पडला आहे हे वाचकाच्या लक्षात येईलच.

अठराव्या शतकातला उगम बहुतेकांना माहीत असतो. १७३४-३५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्दॅम्प्टनला आणि १७३९ मध्ये ब्रिस्टलजवळच्या किंग्जवूडला, कोळशाच्या खाणीत राबणाऱ्यांपुढे उघड्या मैदानात, जो उपदेश झाला त्याचा गाभा एकच होता: धर्म वारशाने मिळत नाही, प्रत्येकाला स्वतःहून देवाकडे वळावे लागते. १८०१ च्या ऑगस्टमध्ये केंटकीतल्या केन रिजला हजारो माणसे त्यासाठी तळ ठोकून राहिली. या उमाळ्याला सामाजिक बाजूही होती. ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार आणि १८३३ मध्ये साम्राज्यातली गुलामगिरी कायद्याने बंद केली, त्यामागे या लोकांची चिकाटी होती. ओहायोतल्या एका ख्रिस्ती महाविद्यालयाने १८३५ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश खुला केला आणि त्याच काळात तिथे शिकवायला आलेला प्राध्यापक हा त्या पिढीचा सर्वांत नावाजलेला पुनरुज्जीवन-प्रचारक होता.

पण १८४५ मध्ये जॉर्जियातल्या ऑगस्टा गावी दक्षिणेतले बाप्टिस्ट (प्रौढपणी समजून बाप्तिस्मा घेणारा प्रोटेस्टंट पंथ) वेगळे झाले. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवावे की नाही, हा वादाचा मुद्दा होता आणि वेगळे होणाऱ्यांचे उत्तर ‘पाठवावे’ असे होते. त्या फुटीतून उभा राहिलेला संप्रदाय पुढे अमेरिकेतला सर्वांत मोठा प्रोटेस्टंट संप्रदाय झाला. त्याने गुलामगिरीबद्दल आणि वंशभेदाबद्दल जाहीर माफी मागितली ती १९९५ मध्ये, दीडशे वर्षांनी. एकच पवित्र शास्त्र, नव्या जन्माची (मन पालटून येशूत नवे आयुष्य सुरू होण्याची) एकच शिकवण, आणि तरी दोन टोकाची उत्तरे. ही फट तेव्हापासून चळवळीच्या आतच आहे.

विसाव्या शतकाचा पूर्वार्ध थोडक्यात सांगता येतो. १९१० ते १९१५ दरम्यान ख्रिस्ती श्रद्धेच्या मूलभूत सिद्धांतांची बाजू मांडणाऱ्या १२ पुस्तिका खनिज तेलाच्या धंद्यातल्या पैशावर छापून फुकट वाटल्या गेल्या. १९२५ मध्ये टेनेसीतल्या डेटनला उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर खटला चालला. शिक्षकाला १०० डॉलर दंड होऊन कर्मठ गटाने तो कागदोपत्री जिंकला, पण वृत्तपत्रांतून झालेल्या नाचक्कीनंतर हा गट सार्वजनिक जीवनातून बराच मागे सरला. त्या कोंडीतून बाहेर पडू पाहणाऱ्यांनी १९४२ मध्ये सेंट लुईसला एकत्र येऊन नवी संघटना काढली, १९४७ मध्ये पॅसडीनाला धर्मशास्त्राचे महाविद्यालय उघडले, १९५६ मध्ये नियतकालिक सुरू केले. १९४९ मध्ये लॉस एंजेलिसच्या तंबूत आठ आठवडे चाललेल्या सभांनी त्यांना देशभर ओळख असलेला तरुण प्रचारक दिला. ‘इव्हँजेलिकल’ हे नाव त्यांनी जाणीवपूर्वक घेतले: सिद्धांताला पक्के, पण जगाशी भांडण उकरून न काढणारे.

१९७० च्या दशकात या चळवळीपुढे एक वाट मोकळी होती, हे आज बहुतेकांना ठाऊक नसते. नोव्हेंबर १९७३ मध्ये शिकागोला जमलेल्या काही पाळकांनी (मंडळ्यांच्या धर्मगुरूंनी) आणि प्राध्यापकांनी एक जाहीरनामा काढला. गरिबांकडे झालेले दुर्लक्ष, वंशभेदात ख्रिस्ती लोकांचा असलेला सहभाग, युद्धखोरी, पुरुषांनी स्त्रियांवर गाजवलेली सत्ता, या साऱ्याची त्यात कबुली होती. पुढच्या वर्षी जुलैमध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला दीडशे देशांतले दोन हजारांहून अधिक प्रतिनिधी जमले. सुवार्ता आणि सामाजिक न्याय ही दोन्ही ख्रिस्ती माणसाची कर्तव्ये आहेत, असे तिथल्या करारात लिहिले गेले आणि या कर्तव्याकडे पाठ फिरवल्याबद्दल खेदही व्यक्त झाला. हा आग्रह मुख्यतः लॅटिन अमेरिकेतून आलेल्या वक्त्यांनी धरला होता. ही माणसे बंडखोर नव्हती. चळवळीच्या मधोमध उभे राहून, तिच्याच भाषेत ती बोलत होती. पाच-सहा वर्षांत अमेरिकेत त्यांचा आवाज जवळपास ऐकू येईनासा झाला. का, या प्रश्नावरच पुढचा सगळा वाद उभा आहे.

नेहमी सांगितली जाणारी हकीकत अशी. २२ जानेवारी १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताला घटनात्मक संरक्षण दिले. त्या निकालाने विश्वासू ख्रिस्ती लोकांची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली आणि आजवर राजकारणापासून लांब राहिलेली माणसे न जन्मलेल्या बाळांसाठी रस्त्यावर उतरली. मंडळ्यांमध्ये, शिबिरांमध्ये, ख्रिस्ती रेडिओवर ही हकीकत अशीच सांगितली जाते. सांगणारे खोटे बोलत असतात असे मला वाटत नाही. त्यांनाही ती तशीच ऐकवली गेलेली असते.

कागदपत्रे मात्र वेगळे चित्र दाखवतात. १९६८ मध्ये न्यू हॅम्पशरमधल्या पोर्ट्समथला ख्रिस्ती डॉक्टरांची संघटना आणि वर उल्लेखलेले नियतकालिक यांनी मिळून एक परिसंवाद भरवला. प्रत्येक गर्भपात पापच असतो का, यावर तिथे एकमत झाले नाही. काही परिस्थितीत तो आवश्यक आणि क्षम्य आहे, यावर मात्र झाले. जून १९७१ मध्ये, म्हणजे न्यायालयाच्या निकालाच्या दीड वर्ष आधी, दक्षिणेतल्या बाप्टिस्टांच्या अधिवेशनाने सेंट लुईसला ठराव केला. बलात्कार, रक्ताच्या नात्यातला संबंध, गर्भात गंभीर व्यंग असल्याचा पुरावा, आणि आईच्या शारीरिक, मानसिक किंवा भावनिक आरोग्याला धोका, या कारणांसाठी गर्भपाताला मुभा देणारा कायदा व्हावा म्हणून सभासदांनी प्रयत्न करावेत, असे त्यात म्हटले होते. निकालानंतर, १९७४ मध्ये, हीच भूमिका पुन्हा मांडली गेली. ती बदलली १९८० मध्ये आणि २००३ मध्ये तर आधीच्या ठरावांबद्दल खेद नोंदवून ते नाकारण्यात आले. व्हर्जिनियातल्या लिंचबर्गच्या ज्या पाळकाने १९७९ मध्ये देशव्यापी राजकीय संघटना उभारली, त्याने गर्भपाताविरुद्ध पहिला उपदेश केला तो १९७८ मध्ये. निकाल लागून तोवर पाच वर्षे झाली होती.

मग १९७३ ते १९७९ या मधल्या काळात काय पेटले होते? इथे शाळांच्या करमाफीचा विषय येतो. मे १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक शाळांमधली वांशिक विभागणी घटनाबाह्य ठरवली. दक्षिणेतल्या राज्यांनी ते टाळता येईल तितकी वर्षे टाळले आणि टाळणे अशक्य झाले तेव्हा गोऱ्या पालकांनी खाजगी शाळा काढल्या. त्यातल्या बऱ्याच शाळा चर्चच्या आवारात भरत. मिसिसिपीतल्या होम्स परगण्याचे उदाहरण नेहमी दिले जाते: सार्वजनिक शाळांमधली गोरी मुले एका वर्षात ७७१ वरून २८ वर आली आणि त्याच्या पुढच्या वर्षी एकही उरले नाही. या खाजगी शाळा धर्मादाय म्हणून करमुक्त होत्या, त्यांना देणगी देणाऱ्यालाही करात सूट मिळे. म्हणजे वेगळेपणाचा खर्च सरकारी तिजोरी अप्रत्यक्षपणे उचलत होती. तिथल्या कृष्णवर्णीय पालकांनी याविरुद्ध दावा लावला. जानेवारी १९७० मध्ये त्यांना अंतरिम आदेश मिळाला, त्याच वर्षी जुलैमध्ये कर खात्याने वंशभेद पाळणाऱ्या शाळांची करमाफी बंद करण्याचे जाहीर केले आणि ३० जून १९७१ च्या अंतिम निकालाने ते धोरण पक्के झाले.

हे धोरण सर्वांत जास्त झोंबले ते साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिल इथल्या एका कर्मठ ख्रिस्ती विद्यापीठाला. १९७१ पर्यंत तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता. त्यानंतर काही वर्षे फक्त विवाहितांना होता, १९७५ पासून अविवाहितांनाही मिळू लागला, पण वेगळ्या वंशाच्या मुलामुलींनी एकमेकांसोबत फिरायचे किंवा लग्न करायचे नाही, या नियमासह. त्याला पवित्र शास्त्राचा आधार आहे, अशी विद्यापीठाची धारणा होती. १९ जानेवारी १९७६ रोजी कर खात्याने त्यांची करमाफी काढली, तीही १ डिसेंबर १९७० पासून मागे जाऊन. विद्यापीठाने एका कर्मचाऱ्यापोटी २१ डॉलरचा बेरोजगारी कर भरला, तो परत मिळावा म्हणून दावा लावला आणि सरकारने उलट सुमारे ४ लाख ९० हजार डॉलरची मागणी केली.

एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे. करमाफी काढली गेली तेव्हा रिपब्लिकन पक्षाचा अध्यक्ष होता. पुढच्या वर्षी पदावर आला तो जॉर्जियातला रविवारच्या शाळेत शिकवणारा, नव्या जन्माची साक्ष उघडपणे देणारा बाप्टिस्ट. १९७६ हे इव्हँजेलिकलांचे वर्ष म्हणून एका मोठ्या साप्ताहिकाने मुखपृष्ठकथेत मिरवले ते याच्याचमुळे. दोनच वर्षांनी, ऑगस्ट १९७८ मध्ये, कर खात्याने आणखी कडक नियमांचा मसुदा काढला. सार्वजनिक शाळांमधली विभागणी संपत असताना निघालेल्या किंवा वाढलेल्या खाजगी शाळेत, त्या भागातल्या अल्पसंख्याक मुलांच्या प्रमाणाच्या निदान २० टक्के इतकी अल्पसंख्याक मुले हवीत, नाहीतर शाळेने आपला हेतू चांगला असल्याचे दाखवून द्यावे, असे त्यात होते. यावर लाखाहून अधिक विरोधाची पत्रे गेली. डिसेंबरमध्ये चार दिवस सुनावणी झाली, नियम सौम्य केले गेले, तरी १९७९ मध्ये संसदेने त्यांच्या अंमलबजावणीसाठी पैसाच वापरता येणार नाही अशी तरतूद करून ते गोठवले. पाळकांचे जाळे, पत्त्यांच्या याद्या, वॉशिंग्टनमधल्या रणनीतिकारांशी ओळखी, सगळे या लढ्यात तयार झाले. रोष मात्र त्या बाप्टिस्ट अध्यक्षाच्या वाट्याला आला.

या घडणीत महत्त्वाचा असलेला एक कॅथलिक पार्श्वभूमीचा रणनीतिकार १९९० मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका छोट्या बैठकीत स्वतःच हे बोलला. अश्लील साहित्य, शाळेतली प्रार्थना, स्त्रियांच्या समान हक्कांची घटनादुरुस्ती, गर्भपात, असे एकेक विषय घेऊन आपण या लोकांना हलवू पाहत होतो, पण ते हलले ते ख्रिस्ती शाळांवर कर खात्याचा हात पडला तेव्हा, असे त्याचे सांगणे होते. त्या बैठकीला हजर असलेल्या एका इतिहासकाराने, जो स्वतः इव्हँजेलिकल घरात वाढला होता, पुढे हा मुद्दा लावून धरला.

सगळे इतिहासकार हे मानत नाहीत आणि त्यांचे आक्षेप हलके नाहीत. रणनीतिकाराची आठवण म्हणजे लाखो सामान्य मतदारांचे मन नव्हे. १९६२ आणि १९६३ च्या निकालांनी सार्वजनिक शाळांतली सक्तीची प्रार्थना आणि शास्त्रवाचन थांबले, त्या अस्वस्थतेतून निघालेल्या ख्रिस्ती शाळाही पुष्कळ होत्या आणि त्या दक्षिणेपुरत्या नव्हत्या. स्त्रियांच्या समान हक्कांच्या दुरुस्तीविरुद्ध बायकांनी उभारलेले आंदोलन १९७२ पासून चालू होते. १९७७ मध्ये मायामी परिसरात समलैंगिकांना संरक्षण देणारा नियम सार्वमताने रद्द झाला, त्या मोहिमेत मंडळ्या उतरल्या होत्या. १९७८ मध्ये आयोवातल्या सिनेटच्या निवडणुकीत, मतदानाच्या आदल्या रविवारी चर्चच्या वाहनतळांवर वाटलेल्या गर्भपातविरोधी पत्रकांनी निकाल फिरवला असे मानले जाते. स्वित्झर्लंडमध्ये राहणारा एक अमेरिकी विचारवंत आणि फिलाडेल्फियाचा एक बालशल्यचिकित्सक यांनी १९७९ मध्ये काढलेल्या चित्रपटमालिकेने अनेक तरुण पाळकांचे मन मनापासून बदलले. त्यांचा कळवळा खोटा होता असे म्हणायला मी धजणार नाही. करमाफीच्या बाजूने न्यायालयात निवेदने देणाऱ्या काही ख्रिस्ती संघटनांनाही विद्यापीठाचा वांशिक नियम मान्य नव्हता. आज यांच्यावर सरकारचा हात पडला तर उद्या आमच्यावर पडेल, ही त्यांची भीती होती.

तरीही माझा कौल असा. शाळांच्या वादाने यंत्रणा उभी केली आणि गर्भपाताच्या प्रश्नाने तिला आत्मा दिला; दुसरी गोष्ट अभिमानाने सांगता येण्याजोगी होती म्हणून पहिली सांगायची सोडून दिली गेली. लिंचबर्गच्या त्याच पाळकाने मार्च १९६५ मध्ये, नागरी हक्कांचे मोर्चे निघत असताना, उपदेशकाचे काम आत्म्यांचे तारण आहे, राजकारण नव्हे, असे व्यासपीठावरून बजावले होते. १९६७ मध्ये त्याच्या मंडळीने शाळा काढली, ती गोऱ्या विद्यार्थ्यांसाठी असल्याचे स्थानिक वृत्तपत्राने लिहिले होते. १९७९ मध्ये तोच पाळक राजकारण हे ख्रिस्ती कर्तव्य असल्याचे सांगत होता. मन बदलणे हा गुन्हा नाही. बदलले तर कशामुळे बदलले, हे मंडळीला सांगायला हवे होते. श्रद्धावंतांची पुढची पिढी या न सांगितलेल्या भागाशी अडखळली.

पुढचे सर्वज्ञात आहे. ऑगस्ट १९८० मध्ये डॅलसला सुमारे १५ हजार लोकांच्या सभेत रिपब्लिकन उमेदवाराने या मंडळींना आपला पाठिंबा जाहीर केला आणि नोव्हेंबरमध्ये तो निवडून आला. त्याच्या सरकारने जानेवारी १९८२ मध्ये ग्रीनव्हिलच्या विद्यापीठाविरुद्धची सरकारची भूमिका मागे घेतली. सरकारने सोडलेली बाजू मांडायला न्यायालयाने एका कृष्णवर्णीय वकिलाला नेमले. ते पूर्वी केंद्रात मंत्री होते. २४ मे १९८३ रोजी आठ विरुद्ध एक मतांनी विद्यापीठ हरले. वेगळ्या वंशाच्या मुलामुलींच्या भेटीगाठींवरची बंदी त्यांनी उठवली ती मार्च २००० मध्ये आणि २००८ मध्ये माफी मागितली.

या सगळ्यात ‘इव्हँजेलिकल’ कोणाला म्हणायचे हा गोंधळ वाढत गेला. एका ब्रिटिश इतिहासकाराने १९८९ मध्ये चार लक्षणे सांगितली होती: पवित्र शास्त्राला सर्वोच्च मान, वधस्तंभावरच्या प्रायश्चित्तावर भर, मनपरिवर्तनाचा आग्रह आणि कृतिशीलता. या मापाने बघितले तर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मंडळ्यांतले बहुसंख्य लोक यात बसतात. पण जनमत पाहण्या त्यांना वेगळ्या रकान्यात मोजतात आणि ते स्वतःही हे नाव सहसा घेत नाहीत. दक्षिणेतल्या गोऱ्या बाप्टिस्टांनाही १९७० च्या दशकापर्यंत हे उत्तरेकडच्यांचे नाव वाटे. आज पाहणीत ‘होय’ म्हणणाऱ्यांत चर्चला क्वचित जाणारेही असतात, त्यांच्यासाठी तो राजकीय ओळखीचा शब्द असतो. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या जुन्या ख्रिस्ती गटाने २०१७ मध्ये आपल्या नावातून तो काढून टाकला. त्यांची श्रद्धा तीच राहिली.

१९९० च्या दशकात वाढलेल्या पिढीच्या आठवणीत करमाफीचा वाद नाही, शुद्धतेची शपथ आहे. १९९३ मध्ये नॅशव्हिलमधून निघालेल्या मोहिमेत लग्नापर्यंत संयम पाळण्याची प्रतिज्ञापत्रे मुलामुलींकडून भरून घेतली गेली आणि जुलै १९९४ मध्ये वॉशिंग्टनच्या हिरवळीवर अशी दोन लाखांहून अधिक पत्रे मांडण्यात आली. १९९७ मध्ये एका अगदी तरुण लेखकाने प्रेमभेटीच ठेवू नयेत असे सांगणारे पुस्तक लिहिले, त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. मुलींना त्यातून आपले शरीर हे दुसऱ्याच्या पापाचे कारण आहे असे शिकायला मिळाले. कित्येकींनी प्रौढ वयात लिहिले आहे की लग्नानंतरही ती लाज गेली नाही. त्या लेखकाने २०१८ मध्ये पुस्तकाची छपाई थांबवली आणि पुढच्या वर्षी आपण आता ख्रिस्ती नसल्याचे जाहीर केले. त्याच्याबद्दल मला राग येत नाही. इतक्या कोवळ्या वयाच्या मुलाला शिक्षक करून व्यासपीठावर बसवणाऱ्या मोठ्या माणसांबद्दल येतो.

त्या पिढीला चारित्र्याचा धडा राजकारणातूनही मिळाला होता. जून १९९८ मध्ये, अध्यक्ष क्लिंटन यांच्या व्हाइट हाउसमधल्या विवाहबाह्य संबंधांवरून देश ढवळून निघाला असताना, दक्षिणेतल्या बाप्टिस्टांनी सॉल्ट लेक सिटीच्या अधिवेशनात ठराव केला: नेत्यांचे गंभीर गैरवर्तन खपवून घेतले तर समाजाची सदसद्विवेकबुद्धी बोथट होते. खाजगी आयुष्यात अनैतिक वागणारा माणूस सार्वजनिक पदावर नीतीने वागू शकेल का, असा प्रश्न २०११ च्या एका पाहणीत विचारला गेला, तेव्हा गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी ३० टक्के ‘हो’ म्हणाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते प्रमाण ७२ टक्के झाले. त्या पाच वर्षांत पवित्र शास्त्राचा एकही शब्द बदलला नव्हता. माझ्या ओळखीतल्या ज्यांनी मंडळी सोडली, त्यांच्यातले बरेच जण १९९८ चा तो ठराव मनापासून मानणारे होते. त्यांच्यावर ‘जगाच्या मागे गेले’ असा ठपका येतो, तो मला अन्यायाचा वाटतो.

मोठ्या मंडळ्यांची पडझड याच सुमारास झाली. शिकागोच्या उपनगरात १९७५ मध्ये एका चित्रपटगृहात सुरू झालेली मंडळी पुढे देशभरातल्या पाळकांना नेतृत्व शिकवणारी संस्था ठरली. मार्च २०१८ मध्ये तिच्या संस्थापक पाळकावर स्त्रियांशी गैरवर्तनाचे आरोप वृत्तपत्रात आले, एप्रिलमध्ये आरोप नाकारत त्याने पद सोडले आणि ऑगस्टमध्ये, आधी स्त्रियांवर अविश्वास दाखवणाऱ्या वडीलमंडळाने (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या गटाने) सामूहिक राजीनामा दिला. सिएटलमधली १५ ठिकाणी भरणारी मंडळी तर पाळक गेल्यानंतर काही महिन्यांत, २०१४ च्या अखेरीस, विसर्जितच झाली.

मला सर्वांत जास्त हलवून गेले ते बाप्टिस्ट संप्रदायातले प्रकरण. अत्याचार झालेल्या स्त्री-पुरुषांनी वर्षानुवर्षे एक साधी मागणी केली होती: दोषी पाळकांची यादी ठेवा, म्हणजे एका मंडळीतून निघालेला माणूस दुसरीत जाऊन पुन्हा मुलांजवळ पोचणार नाही. जून २००८ मध्ये ती फेटाळली गेली. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त आहे, वरून यादी लादता येत नाही, हे कारण दिले गेले. हाच संप्रदाय १९९२ मध्ये समलैंगिक संबंधांना मान्यता देणाऱ्या मंडळ्यांना बाहेर काढू शकला होता, तेव्हा स्वायत्तता आड आली नव्हती. फेब्रुवारी २०१९ मध्ये टेक्ससमधल्या दोन वृत्तपत्रांनी २० वर्षांतली प्रकरणे एकत्र मांडली: सुमारे ३८० पाळक आणि स्वयंसेवक, ७०० हून अधिक बळी. जून २०२१ मध्ये नॅशव्हिलच्या अधिवेशनात सामान्य प्रतिनिधींनी पदाधिकाऱ्यांच्या मर्जीविरुद्ध स्वतंत्र चौकशी मंजूर करून घेतली. हे त्या प्रतिनिधींचे श्रेय आहे आणि ते कमी लेखू नये. मे २०२२ मध्ये आलेल्या अहवालातून कळले की यादी अशक्य आहे असे सांगणाऱ्या कार्यालयातच ७०० हून अधिक नावांची यादी गुपचूप ठेवली जात होती. दाद मागायला आलेल्यांना मात्र सैतानाचे हस्तक ठरवले गेले होते.

अशा गोष्टी कळल्यावर माणूस काय करतो? काही श्रद्धाच सोडतात. काही जण आपल्या विश्वासाचे एकेक कलम पुन्हा तपासतात, ज्याला हल्ली ‘डीकन्स्ट्रक्शन’ म्हटले जाते. मंडळ्यांतून या शब्दाची भीती घातली जाते, पण रात्र रात्र जागून शास्त्र वाचणाऱ्या माणसाला श्रद्धाहीन म्हणणे मला पटत नाही. काही जण जुन्या उपासनापद्धतीच्या मंडळ्यांत जातात, काही घरातल्या घरात प्रार्थना करतात, काही आतच राहून भांडतात. १९५६ पासून निघणाऱ्या त्या नियतकालिकाने डिसेंबर २०१९ मध्ये तत्कालीन अध्यक्षाला पदावरून दूर करावे असे संपादकीय लिहिले, तेव्हा वर्गण्या बंद करणारे होते तसे नव्याने वर्गणी भरणारेही होते. ह्यूस्टनच्या एका शिक्षिकेने, जिच्या शास्त्राभ्यासाच्या पुस्तकांवर बायकांची एक पिढी पोसली गेली, मार्च २०२१ मध्ये हा बाप्टिस्ट संप्रदाय सोडला. तिने येशूला सोडले नाही.

त्या संप्रदायाची सभासदसंख्या २००६ मध्ये १ कोटी ६३ लाख होती, २०२३ मध्ये ती १ कोटी ३० लाखांच्या खाली आली. जून २०२३ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या अधिवेशनाने स्त्रियांना पाळकपद दिल्याबद्दल कॅलिफोर्नियातल्या एका प्रचंड मोठ्या मंडळीची हकालपट्टी कायम केली. जून २०२४ मध्ये इंडियानापोलिसला, जिथे २००८ मध्ये यादीची मागणी फेटाळली गेली होती त्याच शहरात, स्त्रियांच्या पाळकपदावरची बंदी संप्रदायाच्या घटनेत घालण्याचा प्रस्ताव ६१ टक्के मते मिळूनही दोन-तृतीयांशांअभावी पडला. २०२२ मध्ये मंजूर झालेल्या दोषी पाळकांच्या सार्वजनिक सूचीत तोवर एकही नाव चढलेले नव्हते.